कापराची डबी

नाना गेल्याचा फोन काकूंनीच केला. भर दुपारी, अगदी कोरड्या आवाजात. "नाना गेले. येताना सदर बाजारातून कापूर आण. घरातला उडून गेला." बाजाराच्या गर्दीत स्कूटर अडकली, खिशात कापराची पुडी, आणि मला चक्क हसू आलं. नाना असते तर म्हणाले असते, "लवकर जा, नाहीतर अर्धा कापूर उडेल. आणि तू पूर्ण."

नाना माझे सख्खे काका. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि घरी येताना ते सोबत घेऊन यायचे. नातेवाईक म्हणजे त्यांच्या लेखी पदार्थ. मी बाष्पनशील, म्हणजे ज्याची पटकन वाफ होते तो. "पेट्रोल, अत्तर आणि हा पोट्टा," ते पाहुण्यांना सांगत, "काम दिसलं का खोलीच्या तापमानालेच उडते." पाहुणे हसत, मीही हसे, खोटं थोडंच होतं? आजही बायको सिलिंडर सरकवायला हाक मारते तेव्हा मी कुठे असतो, ते माझं मलाच सापडत नाही.

त्यांचा मुलगा शेखर मात्र उडणारा नव्हता. तो जागच्या जागी वितळायचा. बारावीत तो नेमका रसायनशास्त्रातच नापास झाला. त्या संध्याकाळी तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात पाहुणे बसलेले असताना नानांनी त्याला मध्ये उभं केलं आणि देवघरातली कापराची पितळी डबी आणली. कापूर टिकावा म्हणून काकू त्यात काळी मिरी टाकत. त्यांच्या माहेरची रीत. मिरीनं काही होत नाही हे दाखवायला नाना प्रत्येक पाहुण्यापुढे डबी उघडून ठेवत. "बोल, हा कापूर पाणी न होता सरळ हवेत जाते. त्याले मराठीत काय म्हणते?" आमचं गाव हिंदी मुलखातलं, शेखर हिंदी शाळेतला. तो नुसता रडत राहिला. "संप्लवन," नाना म्हणाले. "कापराले जमते. तुले रडल्याशिवाय जाताही येत नाही." काकू आतून एवढंच बोलल्या, "झाकण घट्ट असलं का कापूर राहते, हे तुमीच सांगता नं? मग उघडं काहून ठेवता?"

काही दिवसांनी शेखर गेला. न रडता. आधी सुरत, मग आणखी कुठे कुठे... नाना घरात नसताना काकूंना फोन करायचा. काकूंना एकच हवं होतं : नानांनी आपल्या तोंडानं त्याला एकदा 'ये' म्हणावं. त्याशिवाय तो येणार नव्हता.

शेवटच्या आजारात नानांना धड श्वासही घेता येत नव्हता. काकूंनी नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. स्पीकर चालू होता. "बाबा, कैसे हो?" शेखर म्हणाला. नानांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. आता 'ये' म्हणतील, असं काकूंना आणि शेजारी उभ्या मलाही वाटलं. "व्याख्या सांग," नाना म्हणाले. "संप्लवन."

पलीकडून हळूच आवाज आला, "ठोस का, द्रव बने बिना, सीधे भाप बन जाना."

"मराठीत विचारलं होतं," नाना म्हणाले. "आणि उत्तर उशिरा आलं. मार्क नाही." त्यांनी मास्क परत लावला. काकू फोन तसाच धरून बसल्या. मी चहाचं बघतो म्हणत खोलीतून उडालो.

अग्नी मीच दिला. शेखर आला नव्हता; अख्ख्या खानदानातला बाष्पनशील माणूस तेवढा जागेवर सापडला. तेरवीच्या दिवशी त्याचा फोन आला. "माँ, अब आ जाऊं?" काकू म्हणाल्या, "हव, ये नं बाप्पा." मग सुट्टी नाही म्हणाला, मग तिकीट नाही म्हणाला, आणि आता तेही म्हणत नाही.

गेल्या रविवारी गेलो, तर काकूंनी आरतीसाठी डबी काढायला सांगितली. उघडली, तर आत कापूर जसाच्या तसा, काठोकाठ. मिरी नव्हती. "मिरी कुठं गेली?" मी विचारलं. "काढून टाकली. नाना बरोबर बोलत होते, काही होत नाही तिनं. झाकणच घट्ट लागते." उघडून दाखवणारं आता घरात कोणी नाही.

"आणि शेखर?"

काकूंनी डबी माझ्या हातातून घेतली, पदराचं टोक धरून झाकण आवळलं, आणखी एकदा आवळलं.

"कापूर राहिला," त्या म्हणाल्या.