दोऱ्यावर विश्वास ठेवणारे अण्णा

अक्षर वाकडं आहे, चुकाही असतील. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा सांभाळून घ्यावं. पण एवढं नक्की सांगते, हवेवर इतका संशय घेणारा माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात दुसरा झाला नसेल. धारवाडच्या माळमड्डीत मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करायचे, ते हे अण्णा. कारखान्यात हवा दाबायचं मशीन असतं; त्यातलं चाक गरगर फिरून हवा मधून ओढतं आणि कडेला फेकतं. त्या चाकात हवा कशी वळते, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. मागच्या खोलीत तसं एक मशीन होतं, काचेच्या झाकणाचं, आत बारीक दोरे चिकटवलेले. कॉम्प्युटरवर हवेचं रंगीत चित्र काढायचं आणि दोरे तसेच झुकतात का ते बघायचं. जुळलं नाही की जेवण बंद. "कॉम्प्युटर अंदाज सांगतो अक्का, दोरा खरं सांगतो."

मग दोरे घरभर पसरले. खिडकीला, पडद्याला, एकदा तर माझ्या पदराला. भाकरी थापताना मी जरा वळले की अर्ध्या कानडीत ओरडायचे, "तडी अक्का! थांब, हलू नको, हवा बिघडते!" शेजारच्या काकू विचारायच्या, "अण्णा, हे घर आहे की हातमाग?" "हळू बोला काकू, इथले दोरे हलतात." बायको गेली त्या दिवशीही उशाच्या उदबत्तीचा धूर कुठे वळतो ते बघत बसले. लोक म्हणाले, दगड आहे. मी जवळ होते. धूर बघणाऱ्या त्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

पुढे त्यांचीच छाती बिघडली. "चाकाला हवा कमी पडली की ती उलटी फिरते, मशीन धापा टाकतं. माझं तेच झालंय," म्हणून हसले आणि खोकत राहिले. दवाखान्यात नाकाला नळी लावली, पण बोटाच्या चिमट्यावरचा आकडा त्यांना पटेना. माझ्या पदराचा दोरा काढायला लावला, नळीच्या तोंडाशी धरला. तो फडफडला, तेव्हा कुठे निजले.

घरी आले ते थकूनच. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर छाती हलताना दिसेना. मी दोरा त्यांच्या नाकाशी धरला. हलला! मग आठवलं, बाहेरचा वारा दोऱ्याला फसवतो. पंखा बंद केला, खिडकी लावली, माझा श्वास लागू नये म्हणून तोंडावर पदर घेतला आणि पुन्हा धरला. दोरा सरळ खाली लोंबत राहिला.

त्यांच्या परगावच्या मुलाने घराची किल्ली माझ्याकडेच ठेवली आहे. खिडकीचे दोरे मी काढले नाहीत. झाडताना माझ्या वाऱ्याने ते हलतात आणि मी उगाच थांबते, आता ओरडतील म्हणून.