वाटीच्या तळाचं दूध

डॉक्टरांनी माझी साखर बंद केल्यापासून बायकोने साखरेचा डबा माळ्यावर ठेवलाय. शिडीवर चढायला मी घाबरतो, हे तिला ठाऊक आहे. मग रोज सकाळी आमची आठ वर्षांची मुक्ता चॉकलेटचं सीरियल खाऊन शाळेत गेली, की वाटीच्या तळाशी उरलेलं तपकिरी दूध मी गुपचूप पितो. बासुंदीच ती.

आज चष्मा लावून त्या सीरियलचं खोकं वाचलं. पुढच्या बाजूला दंड फुगवलेलं अस्वल आणि 'वाढत्या मुलांची ताकद'. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत गव्हानंतर लगेच साखर. पन्नाशीच्या बापापासून जी माळ्यावर लपवायची, तीच पोरीला रोज वाटीभर वाढायची आणि वर पौष्टिक म्हणायचं? अस्वल छापणाऱ्यांचा संताप आलाच, पण महिनाभर ती गोडी चाखूनही गप्प बसलेल्या माझा जास्त आला.

"अगं, मुक्ताचं हे फार गोड आहे," मी बायकोला म्हटलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

मी रिकामी वाटी पुढे केली. तिने शिडी आणली, वर चढली आणि अस्वलाला साखरेच्या डब्याशेजारी बसवून आली.