रॅम्पवरची स्कूटर

माझ्या नातीच्या व्हीलचेअरसाठी शाळेने रॅम्प बांधला, तेव्हा मी धामणकर नाक्यावरून पेढे घेऊन शाळेच्या क्लार्कचे आभार मानायला गेले. रॅम्प बांधणं शाळेला कायद्यानेच भाग होतं, हे मला ठाऊक नव्हतं. जेमतेम सत्तरीची होते, अक्कल यायची होती. वर त्याला हातही जोडले.

माणूस गोड. आलेल्याला आधी बसवतो, टेबलावरचा पंखा त्याच्याकडे वळवतो, आणि काहीही विचारा, "व्हईल आजी, व्हईल" म्हणत फडक्याने टेबल पुसत राहतो. स्कूटरलाही तसाच जपतो. तिला ऊन लागू नये म्हणून छपराखाली, रॅम्पवरच लावतो. मग व्हीलचेअर पायऱ्यांवरून उचलायला दोन माणसं मिळाली तर नात वर्गात जाते, नाहीतर आम्ही दोघी फाटकातूनच घरी परततो.

काल मी त्याला चढ्या आवाजात म्हटलं, "ती स्कूटर काढा आधी तिथून."

त्याने पंखा माझ्याकडे वळवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, रॅम्प रिकामाच तं पडलेला असतो. तुमची नात रोज शाळेत येते कुठं?"