पांढऱ्या कोनावरचे काळे दोरे

माझा भाऊ आणि माझा नवरा माझ्यासमोर एकमेकांना मारत होते, आणि मला आधी काळजी वाटली ती मटणाच्या पातेल्याची. खोटं कशाला सांगू? रविवारची दुपार होती, रस्सा नुकताच उतरवला होता, आणि किलवणी रोडवरच्या आमच्या एका खोलीत दोन धडधाकट माणसांना भांडायलाही जागा नव्हती.

दोघं खडोलीच्या एकाच धाग्याच्या कारखान्यात कामाला. नवरा जुना चेकर. मशीनवरून उतरलेला प्रत्येक कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं धाग्याचं रीळ, ट्यूबलाइटखाली फिरवून बघायचा, कुठे तुटका धागा, कुठे काळा डाग, ते शोधायचा. भावाला धुळ्याकडच्या गावाहून मी बोलावून घेतलं होतं आणि नवऱ्यानेच शब्द टाकून त्याला मशीनवर लावलं होतं. दोन वेळचं जेवण आमच्याकडे. सगळं गोडीत चाललं होतं.

मग नवरा भावाचे कोन बाद करायला लागला. रोज. दुसऱ्या कोणाचे नाहीत, त्याचेच. म्हणायचा, धाग्यावर काळे दोरे दिसतात. तिथली रीत अशी, की चेकरने लाल चिठ्ठी लावली की तो कोन पुन्हा कोणी उघडून बघत नाही, थेट हलक्या मालात जातो. भाऊ बिचारा मशीन पुसून पुसून मेला. शेवटी त्या शनिवारी सुपरवायझरने त्याचं मशीन काढून घेतलं आणि त्याला फ्लोटर केलं. म्हणजे ज्याला स्वतःचं मशीन नाही असा माणूस. कोणी चहाला गेलं, कोणी लघवीला गेलं, की तेवढ्यापुरतं त्याच्या जागी उभं राहायचं. मला तोवर फ्लोटर म्हणजे पायात घालतात त्या पट्ट्यांच्या चपला एवढंच माहीत होतं.

"दाजी, माझ्याशी काय दुश्मनी आहे ते तोंडावर सांगा ना," भाऊ ताटावर बसल्या बसल्या म्हणाला.

"दुश्मनी कसली? तुझा माल घाण येतो."

"सगळ्यांचा चालतो अन् माझ्याच कोनात कचरा निघतो? मुद्दाम करून राहिले तुम्ही."

"जमत नसेल तर गावी जा. ढोरं वळ."

भावाने ताट भिरकावलं. नवऱ्याने उठून त्याच्या थोबाडीत दिली. मग भावाची मूठ जी बसली ती थेट डाव्या डोळ्यावर, चष्म्यासकट. काच फुटल्याचा आवाज झाला. मी भावाचे केस धरून मागे ओढलं, त्याचं कोपर माझ्या तोंडावर आलं, ओठ फाटला. मला इतका संताप आला की मी त्याच्या हाताला कडकडून चावले. पातेलं आडवं झालं ते झालंच. शेजारच्यांनी येऊन सोडवलं तेव्हा रस्सा कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं.

नवरा भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "डोळ्यात विजा चमकतायत. राख उडतेय सगळीकडे." मला वाटलं, मार लागल्यावर तारे दिसतात तसं असेल. सकाळी उठला तर म्हणाला, खालच्या बाजूने काळा पडदा वर येतोय. तरी हा माणूस मेडिकलमधून थेंब आणून ड्युटीवर निघाला होता! मी शिव्या घालत त्याला रिक्षात कोंबलं आणि वापीला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ आत बघितलं. म्हणाले, आतला पडदा फाटलाय आणि सुटत चाललाय. लगेच ऑपरेशन केलं तर डोळा वाचेल कदाचित, नाहीतर गेला. मग त्यांनी विचारलं, "याआधी कधी नजरेसमोर दोरे, ठिपके तरंगताना दिसायचे?"

"दोरे?" नवरा म्हणाला. "ते तर कित्येक महिने दिसतात."

"ते फ्लोटर्स."

मी वेड्यासारखं नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले आणि सांगायला लागले. डोळ्याच्या आत जेलीसारखं काहीतरी असतं. वय वाढलं की, आणि जाड चष्मा असेल तर त्याआधीच, त्यात धागे धरतात. त्यांची सावली पडद्यावर पडते. आपल्याला वाटतं समोर काहीतरी आहे. नजर फिरवली की तेही फिरतं. भरपूर उजेडात, पांढऱ्या गोष्टीवर जास्त दिसतं. त्याने सहसा काही बिघडत नाही. पण एकाएकी थवाच्या थवा दिसला, विजा चमकल्या, पडदा आल्यासारखं झालं, तर एक दिवस थांबायचं नाही.

पांढऱ्यावर. माझ्या डोक्यात तो शब्द अडकला. त्या खात्यात पांढराशुभ्र धागा एकट्या माझ्या भावाच्या मशीनवर निघायचा. बाकीच्यांवर काळा, मरून, निळा. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याला माझ्याआधी कळलं होतं, तो जमिनीकडे बघत होता. डोळा तसा नसता तर डॉक्टरांसमोरच मी त्याला एक ठेवून दिली असती.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरला होता, तो पडद्याला दाबून धरतो म्हणे. त्यासाठी सांगतील तितके दिवस पालथं झोपायचं, जेवतानाही मान खाली. मान वर झाली, डोक्याला हिसका बसला, तर पडदा पुन्हा सुटेल, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. मी त्या माणसावर पहारा देत बसायचे.

एका दुपारी भाऊ आला. सरळ जाऊन त्याने पालथ्या नवऱ्याचे पाय धरले आणि ढसाढसा रडायला लागला. "दाजी, माझा हात झडून जावो. मला माफ करा."

"असू दे," नवरा उशीत तोंड घालून म्हणाला. "झालं ते झालं."

काय पण मोठेपणा! माझं डोकंच फिरलं. "असू दे? डॉक्टर काय म्हणाले ते सांगा ना त्याला." मग मीच सांगितलं सगळं. दोरे धाग्यावर नव्हतेच, याच्या डोळ्यात होते. लाल चिठ्ठ्या सगळ्या फुकट लागल्या.

भावाचं रडणं थांबलं. त्याचे हात पायांवरून निघाले आणि उजवा हात नवऱ्याच्या मानेवर आला. पकड आवळली. त्याने नुसतं डोकं हिसडलं असतं तरी संपलं असतं. मी तवा उचलला.

"हात काढ," मी म्हणाले. "नाहीतर सख्खा भाऊ म्हणून बघणार नाही, डोकं फोडीन."

"सांगा दाजी," तो दात खात म्हणाला. "तुमच्या तोंडाने सांगा."

नवरा हलला नाही. उशीतून आवाज आला, "साफ होते. तुझे सगळे कोन साफ होते."

भावाने हात काढला आणि तीच मूठ भिंतीवर मारली. एकदा, पुन्हा, पुन्हा. गिलावा खाली पडला, बोटांची सालटी निघाली, भिंतीवर रक्त लागलं. नवरा प्रत्येक दणक्याला दचकत होता, पण मान खालीच ठेवली त्याने. मग भाऊ वळला आणि दारापर्यंत जाऊन थांबला.

"गेला का तो?" नवऱ्याने विचारलं.

भाऊ दारात माझ्यासमोरच उभा होता, हातातून रक्त गळत होतं. मला दोघांचाही इतका राग आला होता की मी म्हणाले, "गेला."

मग नवरा उशीतच हळू म्हणाला, "हाताला फार लागलं का गं त्याच्या?"