खोडायचा अधिकार

डोंबिवलीच्या शाळेत मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं कोलशेतच्या टॉवरमध्ये राहायला आलो आणि मी सोसायटीचा अध्यक्ष झालो. वार्षिक सभेत अख्खं अंदाजपत्रक एकगठ्ठा मंजूर व्हायची रीत ठरलेली होती. बटाटेवड्यांचा वास दारातून आत आला की सगळे एका सुरात ‘मंजूर, मंजूर’ म्हणत. पाण्याची टाकी दुरुस्त करून हवी असेल तर गणपतीतला ऑर्केस्ट्राही मुकाट गिळायचा.

म्हणून मी मागणी केली, की अध्यक्षाला नको ती एखादीच बाब खोडण्याचा अधिकार द्या, बाकीचं तसंच राहू द्या. राष्ट्राध्यक्षाला असा अधिकार असावा का, यावरून परदेशात कोर्टापर्यंत भांडणं गेली आहेत, हेही समजावून सांगितलं. मागून कोणीतरी ओरडलं, “सर, हुकूमशहा व्हायचंय का? वडे गार होतायत!” सगळे हसले आणि मागणी तिथेच बारगळली.

पुढच्या निवडणुकीत समोरच्या फ्लॅटमधला, माझ्या मुलाच्या वयाचा आयटीवाला अध्यक्ष झाला. त्याने तोच अधिकार मागितला आणि लोकांनी टाळ्या वाजवून दिला! माझा नुसता जळफळाट झाला. घरी येऊन बायकोला म्हटलं, “मी मागितला तेव्हा हुकूमशहा, आणि हा स्मार्ट?”

“अहो, तो हसून बोलतो,” ती म्हणाली.

क्लबहाऊसच्या मागच्या खोलीतलं वाचनालय ही मी अध्यक्ष असताना हट्टाने सुरू केलेली एकुलती एक गोष्ट. तो ती खोडणार याची मला खात्री होती. खरं तर मी वाटच बघत होतो. भर सभेत त्याची सालटी काढणारं भाषण तयार होतं.

त्याने ऑर्केस्ट्रा खोडला. माझा ऑर्केस्ट्रा, जो मला खोडायचा होता! लिफ्टमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, “सर, तुमच्या वाचनालयाला हात नाय लावला हां. टेन्शन नका घेऊ.” मी चक्क थँक्यू म्हणालो.

यंदा तो अधिकार कायमचा करायचा ठराव आला. “विरोधात कोणी?” त्याने विचारलं. बागेचं बघणाऱ्या बाई गप्प, योगवर्गवाले गप्प. त्यांच्याही बाबी त्याने राखल्या होत्या. हीच मंडळी माझ्या वेळी एका टाकीवरून मला उभं-आडवं घेत होती. मला अधिकारात फक्त खोडणं दिसलं होतं. न खोडता माणसं कशी खिशात घालायची, हे इतकी वर्षं खडू झिजवून मला सुचलं नाही आणि याला सुचलं. अगदी पोटातून हेवा वाटला.

बायको माझ्याकडे बघत होती. माझा हात मांडीवरच राहिला.

“एकमताने मंजूर,” तो म्हणाला आणि पहिली प्लेट स्वतः माझ्याकडे घेऊन आला. “घ्या सर, गरम आहेत.”

मी वडा घेतला.