आठवा प्रश्न

नागपूरच्या दवाखान्यात जायचं म्हटलं की वहीचं एक पान मी त्यासाठीच राखून ठेवत असे. डावीकडे न्यायच्या वस्तू: फाईल, रिपोर्ट, जास्तीची साडी, डबा. उजवीकडे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. तेव्हा मी मूल या तालुक्याच्या गावाजवळ एका खेड्यात शाळेत शिकवत होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. टेस्ट ट्यूब बेबीचा हा दुसरा प्रयत्न होता आणि तिसरा करायचा नाही, हे आम्हा दोघांचं ठरलेलं होतं.

गाडीत वही उघडली, तर माझ्या सात प्रश्नांखाली यांच्या अक्षरात आठवा प्रश्न होता : मुलगाच ठेवता येईल का?

"आईनं लिहायला लावलं," हे खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

मी तो खोडला. समोरच्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "खोडून का होते? मी तोंडानं विचारीन."

दवाखान्यात शेजारी एक बाई बसल्या होत्या. "मले दोन पोरी हायेत," त्यांनी सासूबाईंना सांगितलं. "आता पोरगाच टाकून घेतो." भिंतीवर तर लिंगनिदान होत नसल्याची पाटी होती. ती मी दाखवली, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "पाटी लावाच लागते, माय. आतमंदी बोलाचं असते."

सासूबाई ताठ बसल्या.

आत डॉक्टरबाईंनी सांगितलं, तीन गर्भ तयार झालेत, त्यांतले दोन आज गर्भाशयात सोडू. संमतीच्या कागदावर यांची सही तेवढी राहिली होती.

"त्यातला पोरगा कोनता?" सासूबाईंनी विचारलंच.

"आजी, ते आम्ही बघत नाही. गुन्हा आहे तो."

"मंग आज राहू द्या. दुसरीकडं पाहून देत असन, तिथी जाऊ."

यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी हिरवा गाऊन घालून, सांगितल्याप्रमाणे दीड बाटली पाणी पिऊन बसलेली. लांबलचक भाषण करण्याची सोयच नव्हती. सासूबाईंचं आयुष्य गावतळ्यावर गेलं होतं. दर पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणलेलं माशांचं बीज, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, त्या त्याच पाण्यात सोडायच्या. मी बोलणं थेट त्या तळ्यावरच नेलं.

"माय, बीज सोडता तेव्हा नर-मादी निवडता का?"

"येडी झाली का? जिऱ्याएवढं असते ते. कोन निवडन?"

"मग पाहता काय?"

"जितं हाय का मेलं. अजून का पाहाचं?"

"हे गर्भ तर जिऱ्याहूनही बारीक आहेत. आणि पिशवीचं तोंड न सोडता बीज तसंच ठेवलं तर?"

"ठेवलं तं मरते ना..." त्या बोलता बोलता थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि लेकावर उखडल्या, "सही कर ना रे! काऊन उभा हायेस दगडावानी? पोरीच्या पोटात पानी मावून नाई राह्यलं!" मग डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "जे जितं हाय ते टाका, बाई."

दोन गर्भांतला एक टिकला. पुढे मुलगी झाली, पावणेतीन किलोची. वहीत नोंद आहे. पण आमची जीत मी मोजते ती त्याच दुपारपासून. सगळं आटोपून मी पलंगावर पडले होते. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"टाकला का पोरगा?" त्या बाईंनी विचारलं.

"मले का मालूम? डॉक्टरीनबाईलेबी मालूम नाई."

"मंग फायदा का झाला, माय?"

"फायदा इचारते! तुह्या घरी दोन-दोन पोरी खेळून राह्यल्या आन् तू इथी तोंड पाडून बसली. आमच्या घरी काई नाई. पोरगी आली तं पुरं गाव जेवू घालीन मी!"

"हसू नका, पडून राहा," नर्स मला म्हणाली. पडून राहिले. हसू मात्र आवरलं नाही.