ओरडला तो परब नव्हता

माझं शेवटचं पोस्टिंग घाटकोपरच्या एका शाळेत झालं. शत्रू : दहावी ब. त्यांची शस्त्रं : खडूचे तुकडे आणि जांभया. सव्वीस जानेवारी, सकाळी साडेनऊ. विषय : दुसऱ्या महायुद्धाची कारणे व परिणाम, पाच मार्क.

तेव्हा मी मुलुंडच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होतो. वय अठ्ठावन्न. गेटवर उभं राहून लोकांना इटलीच्या गोष्टी सांगणं हे माझं खरं काम. सगळ्यात चालायची ती गाऱ्हाण्याची गोष्ट. ती ऐकून सांताक्रूझपासून मुलुंडपर्यंत माणसं पोट धरून हसलेली आहेत. कारण जिथे हसणं थांबतं, तिथे मी गोष्ट संपवत असे.

भाषणाआधी चहा झाला. इतिहासाच्या सावंतबाई म्हणाल्या, “काका, आईला मानखुर्दहून आणलंय. तुमच्या सेक्शनचे नायक सखाराम परब तिचे थोरले भाऊ.” मग आवाज खाली आणून त्यांनी बाकीचं सांगितलं. मामा ओरडला म्हणून पोरं मेली, असं पलटणीतून परतलेल्या कुणीतरी गावात पसरवलं होतं. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या घराण्याचा. गावानं तो काढून घेतला. आजोबा त्या दिवसापासून देवळाची पायरी चढले नाहीत.

ओरडला तो परब नव्हता. मी होतो. आणि माझ्या गोष्टीत ‘सेक्शनमधलं एक गाढव ओरडलं’ एवढंच यायचं.

पहिल्या रांगेत सावंतबाईंच्या आई, पार्वतीबाई, बसल्या होत्या, हातात पिशवी घट्ट धरून. मी उभा राहिलो आणि सवयीनं नाटक सुरू केलं. म्हटलं, पुस्तकात कारणं दिलीत : व्हर्सायचा तह, हिटलर, पोलंड. यातलं एकही आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. भरतीवाले आले, त्यांनी बूट दाखवले. माझ्या सात पिढ्यांत कुणी बूट घातला नव्हता. मी निघालो. हे माझं कारण. पेपरात लिहू नका, मार्क कापतील.

पोरं हसली. पार्वतीबाई हसल्या नाहीत.

पंचेचाळीस सालचा एप्रिल, उत्तर इटली. नदी आपल्या मुंबईच्या मिठी नदीएवढी, पण दोन्ही काठांना दोन पुरुष उंच बांध. अलीकडे आम्ही, पलीकडे जर्मन. मध्ये पन्नास पावलं. पहाटे पाच दहाला आपला तोफखाना सुरू होणार, पाच पंधराला नदीत उतरायचं. तोवर वायरलेस बंद, बोलणं बंद. खोकला आला तर टोपी तोंडात कोंबायची.

पावणेपाचला परबनं मातीवर एक आर्मी बिस्किट ठेवलं आणि दबक्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. कोकणात हे असंच चालतं. एकानं देवाला विनवायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

“नारळाच्या जाग्यार बिस्किट ठेवलेला आसा, ता गोड मानून घे रे म्हाराजा.”

आम्ही ओठांतल्या ओठांत व्हय म्हटलं.

“ह्या पोरांवर काय इडापिडा येवची आसात, तर ती नदीच्या पल्याड घाल रे म्हाराजा.”

मला ते फार आवडलं. गावच्या देवळात म्हणावं तसं, छाती भरून, मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

पलीकडच्या जर्मनांचं खोकणं थांबलं. बंदी मोडून प्लॅटूनचा वायरलेस खरखरला.

“कौन चिल्लाया? ओव्हर.”

परबनं माझ्याकडे पाहिलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. त्यानं हँडसेट घेतला. “नायक परब चिल्लाया. ओव्हर.”

मॉर्टरचा पहिला गोळा मागे पडला, दुसरा आमच्यात. अर्जुन तांबेचं डोकं हेल्मेटसकट गेलं. विठू गावडेचं पोट उघडं पडलं. ते दोन्ही हातांनी आत ढकलत तो माझ्याकडे पाणी मागत होता. पोटाच्या जखमेला पाणी देऊ नये, असं शिकवलं होतं. मी दिलं नाही. पाच दहापर्यंत तो मागत राहिला.

पाच पंधराला आम्ही छातीभर पाण्यात उतरलो. पाणी लाल होतं. परब सगळ्यात आधी बांधावर चढला. त्यानं ग्रेनेड टाकून एक मशीनगन बंद केली. दुसरी आम्हाला दिसलीच नव्हती. तिनं त्याला कंबरेपासून खांद्यापर्यंत गोळ्यांनी शिवलं. मी त्याच्या अंगावरून पुढे गेलो. खंदकात माझ्याच वयाचा एक जर्मन हात वर करत होता. हात पूर्ण वर जायच्या आधी मी बायोनेट घातली. ती बरगडीत अडकली. त्याच्या छातीवर बूट ठेवून ओढून काढावी लागली. ज्याच्यासाठी भरती झालो होतो, तोच बूट.

हॉलमध्ये मी पहिल्या रांगेकडे वळलो.

मी म्हटलं, “पार्वतीबाई, ओरडलो मी. त्यानं स्वतःवर घेतलं. मी गप्प बसलो.”

त्या उठल्या. “इतकी वर्सां ह्या सांगून लोकांक हसयलात?”

“होय.”

“मे महिन्यात गावाक येवा. देवळात, सगळ्यांसमोर ह्याच सांगा.” थांबून त्या म्हणाल्या, “आता हय गाऱ्हाणा घाला. तेंची नावां घेवन.”

मी सुरुवात केली. शब्द पहिल्या रांगेपलीकडे गेले नाहीत.

“मोठ्यान,” पार्वतीबाई म्हणाल्या. “तेव्हा होतो तो आवाज खय गेलो?”

मग मी छाती भरून नावं घेतली. अर्जुन तांबे. विठू गावडे. सखाराम परब. आपणही म्हणायचं का, हे दहावी ब मध्ये कुणाला कळलं नाही. तिन्ही वेळा ‘व्हय म्हाराजा’ पार्वतीबाई एकट्याच म्हणाल्या.